झाडाखालचे गाऱ्हाणे

बोटीवरची नोकरी संपवून १९९८ साली मी गावी परतलो. गाव पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या काठी. खलाशी म्हणून चढलो होतो, सारंग म्हणून उतरलो. डेकवरच्या खलाशांचा जो प्रमुख, त्याला सारंग म्हणतात. दोर, साखळ्या, कप्प्या आणि त्यांवर काम करणारी माणसे, एवढेच माझे क्षेत्र. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या मांडणीला शिस्त लावू लागलो. पत्नीने काही दिवस ते सोसले. मग तिने मला ओसरीची हद्द आखून दिली.

त्या ओसरीवर एका सकाळी एक गृहस्थ आले. वयाने माझ्याहून थोडे वडील, अंगाने काटक, खांद्यावर पंचा. हातात तुटलेल्या दोराची दोन टोके होती. घरावर, विहिरीवर, देवळावर कललेली धोक्याची झाडे उतरवणाऱ्या एका गटाचे ते मुकादम होते.

"दोर जोडून मिळंल काय?" त्यांनी विचारले.

मी दोराचे पीळ उलगडून पाहिले. काथ्याचा दोर. वरून धड, आतून कुजलेला.

"जोडता येईल," मी म्हणालो. "ओंडका बांधायला चालेल. माणूस लोंबकळणार असेल तर चालणार नाही."

"ताच ऐकायचा व्हता," ते म्हणाले आणि प्रथमच खाली बसले. "बाजारात तिघांना इचारला. तिघंबी जोडून देतो म्हनाले."

दोर जोडून घ्यायला ते आलेच नव्हते. माणूस तपासायला आले होते. मला ते आवडले. त्याच आठवड्यात मी त्यांच्या गटात दाखल झालो आणि पुढे शरीर साथ देईपर्यंत राहिलो.

आमच्या भागात झाडे तोडणारे पुष्कळ होते. कुऱ्हाड घेऊन यायचे, बुंध्याला खाच पाडायचे आणि झाड कुठे पडेल ते नशिबावर सोडायचे. मोकळ्या कातळावर ते चालते. पण घरे झाडांच्या पोटात बांधलेली असली की झाड वरून खाली, तुकड्यातुकड्याने उतरवावे लागते. प्रत्येक फांदी आधी दोराला बांधायची, मग कापायची, मग तिला झोपलेल्या मुलासारखे जमिनीवर ठेवायचे. हे काम मुकादमांचा गट करीत असे. माडाचा सुकलेला शेंडा, आंब्यावरची बांडगुळे, वादळात अर्धवट मोडून लटकलेली फांदी, सगळे ते करीत. लटकलेली फांदी सर्वांत वाईट. ती कोणत्या बाजूला जाईल हे तिलाही ठाऊक नसते.

मी आलो आणि पहिल्यांदा दोरांची वर्गवारी केली. ज्यावर माणूस राहणार, त्या दोरांची टोके तांबड्या रंगात बुडवली. ज्यावर ओझे येणार, त्यांची निळ्या. तांबड्या दोराने कधी गाय बांधायची नाही, होडी ओढायची नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत. काम झाले की गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा, लाकडी खुंटीला टांगायचा. एकदा गटातल्या एकाने तांबड्या टोकाच्या दोराने लग्नघरचा मांडव आवळला. मी तो दोर त्याच्यासमोर कोयत्याने मधोमध तोडला आणि दोन्ही तुकड्यांची टोके निळी केली. मुकादम बघत होते. चांगला नायलॉनचा दोर होता. त्यांनी फक्त नव्या दोराची व्यवस्था केली.

कमरेला पट्टा असे. वायरमन लोक वापरतात तसला, जाड चामड्याचा, दोन कड्यांचा. त्याची शिवण मी अंगठ्याच्या नखाने तपासत असे. डोक्यावर पिवळे हेल्मेट. ते मात्र कोणालाच नको होते. उकडते, कानाला लागते, लोक हसतात. सर्वांत मोठी तक्रार मुकादमांच्या जावयाची.

"मामा, ही पिवळी टोपली घालून मी फांद्या कापू की कोळंबी विकू?"

"जावईबापू, लग्नात दिवसभर फेटा घातलात. तवा नाय डोका तापला?"

"तेव्हा खाली बघणारे लोक नव्हते."

"आता हायत. म्हनून घाला."

हा जावई खेडकडचा. लाकडाच्या वखारीत वाढलेला, करवतीवर हात बसलेला, चढण्यात गटातला सर्वांत चपळ. लग्नानंतर सासऱ्यांच्या गटात आला आणि सोयीसाठी सासुरवाडीतच राहिला. त्यामुळे गटातली मंडळी त्याला 'घरजावई' म्हणून डिवचत. तो हसून घेई, पण त्याला ते लागे. मुकादम त्याच्याशी कायम आदराने बोलत. कामावर इतरांना अरेतुरे, त्याला अहोजाहो. झाडावर चुकला तरी 'जावईबापू, खाली या' असेच म्हणत, मात्र ते ऐकताना इतरांच्या शिव्या बऱ्या वाटत.

मुकादमांच्या पत्नीने एकदा मला चहा देताना सांगितले, "भाऊजी, माज्या लेकीचा कुंकू तुमच्या दोराला बांदलेला हाय. मी देवाला नंतर, तुमाला आधी सांगतेय." मी मान हलवली. त्याहून अधिक वचन दोराबाबत देता येत नाही.

कामावर आवाज एकाचाच. दोर ज्याच्या हातात, त्याचा. बहुधा माझा. बोटीवरचे शब्द मी इकडे आणले: ओढायचे असेल तर 'हबेस', सोडायचे असेल तर 'आरिया'. किनाऱ्यावरच्या पोरांना ते अर्धेमुर्धे ठाऊक होतेच. वर चढलेला माणूस कितीही ओरडला तरी खालच्याने दोर सोडल्याशिवाय फांदी खाली येत नाही. ज्याला खालून सबंध झाड दिसते त्याने ठरवायचे, हा मुकादमांचा नियम होता. वर असलेल्याला फक्त आपली फांदी दिसते.

पण मुकादमांची खरी रीत वेगळीच होती आणि मी जगात दुसरीकडे ती पाहिली नाही. आमच्याकडे मोठे झाड तोडण्याआधी गाऱ्हाणे घालतात. बुंध्याशी नारळ ठेवून देवाला आणि जागेच्या राखणदाराला साकडे घालायचे. एकाने मागणे म्हणायचे, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. मुकादमांनी या गाऱ्हाण्यातच सगळी तपासणी ओवून टाकली होती.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा या झाडाखाली जमलेली हायत."

"होय म्हाराजा!"

"ह्यांनी दोर हातानी चाचपून बगितलेला हाय."

"होय म्हाराजा!"

"लायनीची वीज बंद केलेली हाय."

"होय म्हाराजा!"

"झाडाच्या पडीत मानूस नाय, जनावर नाय, पोर नाय."

"होय म्हाराजा!"

असे पट्टा, कप्पी, करवतीचे दात, शिडीचा पाय, वारा, एकेक करीत शेवटी रक्षण करण्याची विनंती. जे दुसऱ्या कोणी सांगितले असते तर गटाने कंटाळून टाळले असते, ते देवासमोर उभे राहून म्हणावे लागल्यामुळे टळत नसे. ही रीत त्यांनी का बसवली ते मी एकदाच विचारले. पूर्वी त्यांच्या गटातला एक माणूस पडला होता. मेला नाही. पण पुन्हा उभाही राहिला नाही. मुकादमांनी एवढेच सांगितले आणि विषय संपवला. मीही पुढे विचारले नाही.

पहिल्या दिवशी हे गाऱ्हाणे ऐकून मला हसू आले होते. महिनाभरात मला ते बोटीवरच्या कोणत्याही कवायतीपेक्षा सरस वाटू लागले. बोटीवर मी हुकूम देणारे पुष्कळ पाहिले. विचारून घेणारे थोडे. मुकादम त्या थोड्यांतले होते.

आता बाईंच्या फणसाबद्दल सांगतो.

बाई म्हणजे जवळच्या शहराच्या कडेला उतारावर राहणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्या राहत. चिऱ्याचे घर, वर कौले आणि मागच्या अंगणात एक प्रचंड फणस, उभ्याउभ्या मेलेला. पाने गेली होती, साल सुटत होती, बुंध्याशी अळंब्या उगवल्या होत्या आणि सबंध झाड बाईंच्या स्वयंपाकघरावर झुकलेले होते. त्यावर कसलासा वेल चढून शेंड्यापर्यंत गेला होता, त्यामुळे मेलेले झाड लांबून हिरवे दिसे. मृग तोंडावर आला होता. पावसाचे पाणी मुळात शिरले की ते झाड कौलांवर बसणार, हे बघताच कळत होते. बाईंनी चूल पुढच्या पडवीत हलवली होती.

मेलेले झाड जिवंत झाडापेक्षा अवघड. त्याच्या फांदीवर भरवसा ठेवता येत नाही. आदल्या संध्याकाळी मुकादमांनी त्या फणसाला कोयत्याच्या पाठीने ठोकत ठोकत प्रदक्षिणा घातली आणि ठरवले की माणसाचा दोर फणसाला बांधायचाच नाही. शेजारी एक जिवंत, धडधाकट आंबा होता. जावयाचा तांबडा दोर त्या आंब्याच्या उंच बेचक्यातून यायचा, म्हणजे फणस मोडला तरी माणूस आंब्याला लटकून राहील. ओझ्याची कप्पीही आंब्यालाच. त्या मांडणीवर मी माझ्या अख्ख्या नोकरीत शिकलेले सगळे खर्च केले.

सकाळी वायरमन आला आणि त्याने बाईंच्या दारासमोरच्या खांबावरून वीज तोडली. आम्ही बुंध्याशी जमलो. नारळ ठेवला. बाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मुकादमांनी हात जोडले.

गाऱ्हाणे सुरू झाले. दोर, होय म्हाराजा. पट्टा, होय म्हाराजा. लाईन, होय म्हाराजा. आवाज छान लागले होते, एका ठेक्यात. मुकादम मध्येच क्षणभर थांबले. मग त्याच सुरात म्हणाले, "आनि करवत आमी घरीच इसरून आलेले हाव!"

"होय म्हाराजा!"

करवत आमच्या पायांपुढे पडलेली होती. सगळे म्हणाले. जावई म्हणाला. माझाही आवाज त्यात होता.

पहिल्यांदा बाई हसल्या. मोठ्याने, मोकळेपणी. मग गटातला एकेक जण हसू लागला. मुकादम हसले नाहीत. त्यांनी वाकून नारळ उचलला, पंच्यात बांधला आणि म्हणाले, "दोर उतरवा. आज झाडाला हात नाय लावायचा."

"म्हणजे काय?" बाईंचे हसू थांबले. "अहो, आभाळ बघा. पुन्हा घालू या की गाऱ्हाणे!"

"देवाच्या तोंडावर खोटा बोललो, बाई. त्याच दिवशी पुना काय तोंड घेऊन मागायचा?"

"मामा, गंमत केलीत ना तुम्ही?" जावई म्हणाला. त्याच्या अंगावर पट्टा चढलेला होता.

"गंमत नाय. तुमचा आवाज ऐकला. झोपेतला व्हता. सगळ्यांचाच व्हता."

गटातला एक हळूच म्हणाला, "घरजावयाला सासऱ्यानी खाली उतरवला, चढायच्या आधीच." बाकीचे फिसकन हसले. जावयाचा चेहरा उतरला. त्याने पट्टा काढून जमिनीवर टाकला.

"चार माणसांत माझी शोभा केलीत. मी उद्या खेडला जातो. तुमच्या लेकीलाही नेतो."

"जा," मुकादम म्हणाले. "पट्टा नीट टांगून जा. मातीत टाकू नका."

तो पाय आपटत निघून गेला. वायरमन घाटावरचा होता. त्याने डोक्याला हात लावला. "अवो, मी काय रोज रोज लाईन तोडाय मोकळा हाय व्हय? लोकं मला शिव्या घालत्यात."

"उद्या परत या, दादा. हात जोडतो."

मी दोर उतरवू लागलो. मुकादम बाईंच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांनी क्षमा मागितली. मग बाई जे बोलल्या ते मला शब्दशः आठवते.

"तुमची रीत चांगली आहे. पण वर्गात 'समजलं का' असं विचारलं की सगळी मुलं एकसुरात 'हो बाई' म्हणतात. ज्यांना काही कळलेलं नसतं ती सर्वांत मोठ्याने. म्हणून मी तसं विचारणं सोडलं. एकेकाला उभं करायचे आणि म्हणायचे, काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग."

मुकादम ऐकत होते. "म्हंजे होय म्हनायचाच नाय?"

"देवाला म्हणा ना. पण त्याआधी प्रत्येकाने आपल्याला काय दिसतंय ते सांगायचं. होय म्हणायला डोळे लागत नाहीत."

मुकादमांनी मान डोलावली. वर्षानुवर्षे जपलेली आपली रीत एका सकाळी उलगडून पुन्हा नव्याने वळायला जो माणूस तयार होतो, त्याच्याविषयी मला आदर वाटतो. त्यांनी वेळ घेतला नाही, वाद घातला नाही. "उद्यापास्ना तसा," एवढेच म्हणाले.

संध्याकाळी मी दोर टांगायला त्यांच्या घरी गेलो, कारण सामान त्यांच्याच पडवीत राही. जावई बाकावर बसला होता, शेजारी भरलेली पिशवी. मुकादम अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होते, पाठ फिरवून. त्यांच्या पत्नी दोघांच्या मध्ये उभ्या.

"भाऊजी, तुमीच काय ता सांगा. जावयाला असा कोन बोलतो?"

मी दोराचे वेढे घालत राहिलो. दोन घरांच्या मध्ये पडणारा माणूस कोणत्याच घरचा राहत नाही, हे मी जाणून होतो. बोलली ती लेक. चुलीपाशी भाकरी थापत होती, तिथूनच तिने नवऱ्याला विचारले.

"करवत समोर पडलेली होती?"

"होती."

"दिसत होती?"

"दिसत होती."

"मग होय का म्हणालात?"

"सगळे म्हणाले."

"सगळे चढणार नव्हते. तुम्ही चढणार होतात."

मुकादमांचे हात काठीवर थांबले, पण ते वळले नाहीत. मी शेवटचा दोर खुंटीला लावला आणि निघालो. पिशवी अजून बाकावरच होती. सकाळी ती कुठे असेल ते मला सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंच्या अंगणात जमलो तेव्हा जावई नव्हता. मुकादमांनी पट्टा स्वतःच्या कमरेला बांधायला घेतला. त्या वयात, त्या झाडावर. मी म्हणालो, "मी दोर धरणार नाही." ते म्हणाले, "धराल." आमची एवढीच बोलाचाली झाली. तेवढ्यात जावई पायवाटेने खाली आला. पिशवी नव्हती. त्याने सासऱ्यांच्या कमरेचा पट्टा सोडवला आणि आपल्या कमरेला बांधला. हेल्मेट मागून घेतले.

"विचारा," तो म्हणाला. नजर मात्र दुसरीकडे.

मुकादमांनी प्रथम मला उभे केले. "सारंग, दोर?"

मी दोर हाताखालून सबंध काढला आणि सांगितले, "तांबडा. एका जागी साल निघाली आहे, पीळ शाबूत. ती जागा माणसापासून लांब ठेवली आहे." मग करवतवाल्याला. मग कप्पीवाल्याला. मग वायरमनला.

"हितल्या खांबावरनं तोडलीय. टेस्टर लावून बगितलंय. मेलीय."

शेवटी जावई. मुकादम म्हणाले, "जावईबापू, शिडीवरनं आंब्याच्या पैल्या बेचक्यात चढा. फणसाला हात न लावता. आनि काय दिसता ता तोंडानी सांगा. सगळा."

तो चढला. आम्ही वर बघत राहिलो. रुसलेल्या माणसाचा आवाज येऊ लागला, मुद्दाम रटाळ.

"कावळ्याचं घरटं. रिकामं. डावीकडची फांदी पोकळ, भोकातून उजेड दिसतोय. मधल्या फांदीला लाल मुंग्या. वेल... वेल जाड आहे. शेंड्याला गेलाय." मग तो थांबला. आवाजातला रुसवा गेला. "मामा, वेलातून एक काळी वायर गेलीय."

मुकादमांनी खालूनच हात वर केला.

"हात लावू नका," मुकादम म्हणाले.

"नाही लावत."

"कुटनं येते?"

"मागच्या गल्लीतल्या खांबावरनं. फणसाच्या फांदीवरून जाते ती शेजारच्या विहिरीकडे. फांदीला घासून एका जागी तार उघडी पडलीय."

वायरमन आधीच मागच्या गल्लीकडे धावला होता. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. "ती माज्या लाईनीवरची न्हवं. दुसऱ्या खांबावरची हाय. पंपासाठी परस्पर ओढलीया कुणीतरी. चालू हाय. काल बी चालूच असणार."

काल. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी देवाला सांगितले होते की लाईन बंद आहे. खोटे बोलण्याचा कोणाचा हेतू नव्हता. जो खांब दिसत होता तो बंद होता. मुकादमांनाही ती वायर ठाऊक नव्हती. त्यांनी काम थांबवले होते ते केवळ आमच्या आवाजामुळे.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चौकटीचा आधार घेतला. जावई आंब्यावरून खाली बघत होता आणि मुकादम वर बघत होते. मग मुकादम म्हणाले, "जावईबापू, झकास बगितलात. आता खाली या, चा घ्या. लाईन तोडल्यावर पुना चढा."

"आणि चढल्यावर पुन्हा सांगू?"

"पुना सांगा."

दुपारपर्यंत वायर उतरवली गेली. मग खरे गाऱ्हाणे झाले, थोडक्यात, फक्त मागण्याचे. आणि फणस उतरू लागला. त्या कामाचे वर्णन करावे तेवढे थोडे. जावई आंब्याच्या दोराला लटकून फणसाशी असा जाई की त्याचा भार मेलेल्या लाकडावर कधीच पडू नये. फांदीला गाठ मारी, बाजूला सरके, करवत चालवी. कर्र आवाज झाला की मी आंब्याच्या बुंध्याभोवती घातलेल्या वेढ्यांतून दोर सोडी. आरिया. फांदी कौलांवरून वळसा घेत तरंगत येई आणि अंगणात टेके. एकही कौल फुटले नाही. बाईंच्या तुळशीच्या कठड्याला ओरखडा आला नाही. पोकळ फांदी मध्येच मोडली तेव्हा जावई झोका घेऊन आंब्यावर आदळला, हेल्मेट खणकन वाजले आणि वरून आवाज आला, "मामा, टोपली कामाला आली!" त्यावर मुकादम हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

बुंधा तेवढा उभा राहिला, तो दुसऱ्या दिवशी जमिनीवरून कापला. पाऊस त्यानंतर आला. बाईंची चूल परत स्वयंपाकघरात गेली.

त्या वर्षापासून गाऱ्हाण्याआधी प्रत्येकाने सांगायचे ही रीत गटात कायम झाली. मुकादमांनी आणखी एक केले. विचारण्याचे काम त्यांनी जावयाकडे दिले. "मी इचारला की तुमी मला बरा वाटंल ता सांगता," असे ते गटाला म्हणाले. "त्यांना बरा वाटन्याची पर्वा नाय." गटाने त्याला घरजावई म्हणणे सोडले नाही, पण त्यानंतर ते नावासारखे म्हणत.

पुढे पेट्रोलवर चालणारी करवत आली. ती दापोलीकडच्या एका बागाईतदाराकडे आम्ही प्रथम चालवून पाहिली. काम झपाट्याने होई आणि म्हणूनच मुकादमांना तिच्याविषयी संशय होता. एका हाताने धरायची नाही, शिडीवर उभे राहून चालवायची नाही, खांद्याच्या वर न्यायची नाही. हे नियमही जावईच बोलून दाखवी आणि चालवणाऱ्याकडून परत वदवून घेई. दोन्ही हात दाखवल्याशिवाय करवत सुरू होत नसे.

शेवटचा प्रसंग त्यानंतरचा. एका देवळाच्या आवारात सुकलेले माड उतरवायचे होते. माडावर चढणे हे मुकादमांचे मूळचे काम, आणि माड आला की ते दुसऱ्याला चढू देत नसत. त्या दिवशीही त्यांनी पायात दोरीचा फास अडकवला आणि जावयासमोर येऊन उभे राहिले. देवळातली मंडळी बघत होती. पुजारी, विश्वस्त, बरीच माणसे.

"मामा, दोर?"

त्यांनी दोर चाचपून सांगितला.

"पट्टा?"

त्यांनी शिवण दाखवली.

"गुडघे?"

हा प्रश्न पूर्वी कधी नव्हता.

"बरे हायत."

"हात लावून सांगा."

त्यांनी जावयाकडे बराच वेळ पाहिले. चार माणसांत विचारले होते. मग वाकले, धोतर सारले, उजव्या गुडघ्यावर तळवा ठेवला. आम्हा सर्वांना तो गुडघा दिसत होता.

"सुजलाय," ते म्हणाले. "गरम लागतो."

"मग आज दुसरा चढेल."

मुकादमांनी पायातला फास सोडवला, पट्टा काढला, त्याची माती पंच्याने पुसली आणि पुढच्या माणसाच्या हातात दिला. मग ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी दोराचे टोक हातात घेतले. जावई तोवर पुढच्या माणसाला विचारू लागला होता.